कसोटी जिंकायची तर धावा भरभर हव्यात

कानपूरच्या ग्रीन पार्कवर 27 सप्टेंबर 2024 रोजी भारत-बांगलादेश कसोटी सुरू झाली आणि पहिल्या दिवशी जेमतेम 35 षटके टाकून झाली. दुसरा दिवस वाया गेला, तिसराही गेला. चौथ्या दिवशी सकाळी खेळ सुरू झाला तेव्हा बांगलादेशचा पहिला डावही अजून पुरा व्हायचा होता. एरवी असा सामना अनिर्णित धरून लोक आपापल्या कामाला लागतात. बांगलादेशचा डाव 233 धावांत आटोपला आणि भारताची सलामीची जोडी मैदानात उतरली. यशस्वी जैस्वालने पहिल्याच षटकात लागोपाठ तीन चौकार मारले. रोहित शर्माने तर वाट्याला आलेल्या पहिल्या दोन्ही चेंडूंवर षटकार ठोकले. तीन षटकांत पन्नास धावा, अकराव्या षटकात शंभर. 34.4 षटकांत 9 बाद 285 वर भारताने डाव घोषित केला. बांगलादेशला दुसऱ्या डावात 146 धावांत गुंडाळले आणि विजयासाठी लागणाऱ्या 95 धावा 17.2 षटकांत काढून टाकल्या. दोन्ही डाव मिळून भारताने फक्त 52 षटके फलंदाजी केली. जेमतेम दोन दिवसांच्या खेळात सामना सात गड्यांनी खिशात घातला.

त्या चौथ्या दिवशी जैस्वालने 51 चेंडूंत 72 धावा केल्या, के. एल. राहुलने 43 चेंडूंत 68. हे आकडे वीस षटकांच्या सामन्यात शोभावेत असे आहेत, म्हणून काही जाणत्यांनी नाकेही मुरडली. कसोटी म्हणजे नांगर टाकून उभे राहणे, चेंडू सोडणे, गोलंदाजाला थकवणे, अशी शिकवण घेऊन आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. ती शिकवण खोटी नाही. पण ती अर्धीच आहे. कसोटीत जिंकण्यासाठी फलंदाजाने पुढाकार घ्यावा लागतो, आणि हा पुढाकार म्हणजे बेफिकिरी नव्हे, हे मान्य करण्याची वेळ कधीच येऊन गेली आहे.

आधी साधा हिशेब मांडू. कसोटीत धावांचे डोंगर रचून कोणी जिंकत नाही. जिंकण्यासाठी प्रतिस्पर्ध्याचे वीस गडी बाद करावे लागतात आणि त्यासाठी गोलंदाजांना वेळ लागतो. दिवसाला 90 षटके धरली तर पाच दिवसांत 450 षटके होतात. पाऊस, अंधुक प्रकाश यांचा वाटा त्यातूनच जातो. षटकामागे तीन धावांच्या गतीने 400 धावा करायला 133 षटके लागतात, म्हणजे दीड दिवस. तेवढ्याच धावा चारच्या गतीने केल्या तर 100 षटकांत काम होते. उरलेली 33 षटके म्हणजे उपाहार ते चहापान या एका सत्राहूनही जास्त खेळ. शेवटच्या दिवशी संध्याकाळी नववा गडी तग धरून उभा असतो, पंच प्रकाश मोजत असतात, आणि कर्णधाराला एकेक षटक मोलाचे वाटू लागते. त्या घटकेला लागणारी षटके पहिल्या-दुसऱ्या दिवशी फलंदाजांनी शिल्लक टाकलेली असावी लागतात.

या हिशेबाचा सर्वांत लख्ख पुरावा सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाने दिला आहे. जून 2024 मध्ये चेन्नईच्या चेपॉकवर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात महिलांची कसोटी झाली. महिलांची ही कसोटी चार दिवसांची असते, म्हणजे वेळ आणखी कमी. स्मृती आणि शफाली वर्मा यांनी सलामीला 292 धावा जोडल्या. स्मृतीने 161 चेंडूंत 149 धावा केल्या, शफालीने 197 चेंडूंत 205. पहिल्या दिवसअखेर भारताच्या 4 बाद 525 धावा झाल्या होत्या. पुरुष असोत वा महिला, कसोटीच्या एका दिवसात एवढ्या धावा त्याआधी कोणत्याही संघाने केल्या नव्हत्या. भारताने 6 बाद 603 वर डाव घोषित केला.

पुढे जे झाले तिकडे खरे लक्ष द्यायला हवे. आफ्रिकेवर फॉलोऑनची पाळी आली, पण दुसऱ्या डावात त्या मुली चिवटपणे लढल्या. लॉरा वोल्वार्ट आणि सुने लूस या दोघींनी शतके काढली. त्यांचा संघ दीडशेहून अधिक षटके खेळपट्टीवर ठाण मांडून होता. भारतीय फलंदाजांनी पहिल्या दिवशी तीनच्या गतीने धावा केल्या असत्या तर हा सामना नक्कीच निसटला असता. पण हाताशी इतका वेळ होता की स्नेह राणा आणि तिच्या साथीदारांना घाई करावी लागली नाही. भारताने सामना दहा गड्यांनी जिंकला. विजयाचे श्रेय गोलंदाजांना मिळाले ते रास्तच. पण त्या श्रेयाची सोय स्मृती आणि शफाली यांनी आधीच करून ठेवली होती.

आक्रमक फलंदाजीचा दुसरा फायदा धावफलकावर दिसत नाही, तो मैदानात दिसतो. चेंडू वळत असताना ऑफस्पिनर टाकतो आहे असे समजा. शॉर्ट लेगला एक जण वाकून उभा, समोर सिली पॉइंट, बाजूला स्लिप, आणि मागे यष्टिरक्षक. फलंदाज पुढचा पाय टाकून नुसताच बचाव करत राहिला तर बॅटची आतली कड आणि पॅड यांच्यामधून उडालेला एखादा चेंडू त्या वाकलेल्या हातांत जाणारच, आज नाही तर पुढच्या षटकात. आता तोच फलंदाज पुढे सरसावून एक चेंडू मिडऑनच्या डोक्यावरून भिरकावतो. पुढच्या षटकात आणखी एक. कर्णधार विचारात पडतो आणि शॉर्ट लेगला उचलून लाँगऑनला पाठवतो. आता त्या फलंदाजाचा बॅट-पॅडवरून उडालेला चेंडू मोकळ्या गवतावर पडतो. शॉर्ट लेगच्या जागी एकेरी धाव मोकळी होते. गोलंदाज टप्पा बदलतो, कधी आखूड टाकतो, कधी पुढे. दोन फटक्यांनी फलंदाजाला बारा धावा मिळाल्या असतील, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बचाव करण्यासाठी सुरक्षित जागा मिळाली.

मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर फेब्रुवारी 2001 मध्ये ॲडम गिलख्रिस्टने हेच केले. भारताचा पहिला डाव 176 धावांत आटोपला होता, पण ऑस्ट्रेलियाचीही 5 बाद 99 अशी अवस्था झाली. हरभजनसिंगचा चेंडू हातभर वळत होता, वानखेडे दुमदुमत होते. सातव्या क्रमांकाच्या फलंदाजाने अशा वेळी सावध खेळावे, असे कोणत्याही प्रशिक्षकाने सांगितले असते. गिलख्रिस्टने 84 चेंडूंत शतक झळकावले. 112 चेंडूंत 122 धावा करून तो बाद झाला तोवर मॅथ्यू हेडनबरोबर त्याने सहाव्या गड्यासाठी 197 धावा जोडल्या होत्या. सामना तिसऱ्याच दिवशी संपला, ऑस्ट्रेलिया दहा गड्यांनी जिंकली. स्टीव्ह वॉच्या संघाचा तो लागोपाठचा सोळावा कसोटी विजय होता. ज्यांनी तो डाव पाहिला त्यांना आठवत असेल की दोन तासांपूर्वी फलंदाजाला घेरून उभे असलेले क्षेत्ररक्षक पाहता पाहता सीमारेषेकडे पांगले होते.

त्याच मैदानावर नोव्हेंबर 2012 मध्ये केव्हिन पीटरसनने 186 धावांची खेळी केली. खेळपट्टी फिरकीला साथ देणारी होती, भारताने तीन फिरकीपटू खेळवले होते. पीटरसनने 233 चेंडूंत त्या धावा काढल्या आणि दुसऱ्या टोकाला कर्णधार ॲलिस्टर कुक 122 धावा करून पाय रोवून उभा राहिला. दोघांनी मिळून 206 धावांची भागीदारी रचली. एक जण गोलंदाजांना उधळून लावत होता, दुसरा त्यांना दमवत होता. आक्रमक फलंदाजीची बाजू घेताना कुकसारख्या खेळाडूला विसरून चालणार नाही. दोन्ही टोकांना फटकेबाज असले की डाव उलटायला वेळ लागत नाही, आणि दोन्ही टोकांना नांगर टाकलेले असले की डाव जागचा हलत नाही. इंग्लंडने तो सामना दहा गड्यांनी आणि पुढे मालिका 2-1 अशी जिंकली.

हल्ली इंग्लंडच्या ‘बाझबॉल’ची चर्चा फार होते. जणू कसोटीत फटके मारण्याचा शोध 2022 मध्ये ब्रेंडन मॅक्युलम आणि बेन स्टोक्स यांनीच लावला! महाराष्ट्राने हा खेळ शंभर वर्षांपूर्वी पाहिला आहे. नागपूरला जन्मलेल्या सी. के. नायडू यांनी 1 डिसेंबर 1926 रोजी बॉम्बे जिमखान्यावर आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध हिंदू संघाकडून 153 धावा केल्या, त्याही दोन तासांच्या आत. त्यात अकरा षटकार होते. भारतीयांना आंतरराष्ट्रीय दर्जाचे क्रिकेट खेळता येते याबद्दल गिलिगन यांची खात्री पटली आणि भारतीय क्रिकेटची मध्यवर्ती संघटना असावी म्हणून त्यांनी पुढाकार घेतला. 1928 मध्ये नियामक मंडळ स्थापन झाले, 1932 मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला आणि त्या संघाचे कर्णधार नायडूच होते. भारताच्या कसोटी क्रिकेटचे दार ज्या खेळींनी उघडले त्यांत ही खेळी पहिल्या मानाची आहे.

बचावाचे विद्यापीठ मानले गेलेले सुनील गावसकर यांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. ऑक्टोबर 1983 मध्ये कानपूरच्या कसोटीत माल्कम मार्शलच्या एका चेंडूने गावसकरांच्या हातातून बॅटच उडवली. भारत डावाने हरला. गावसकर संपले, असे बोलले जाऊ लागले. आठवडाभरातच दिल्लीच्या फिरोजशाह कोटलावर पुढची कसोटी सुरू झाली. तिथे गावसकरांनी याच मार्शलला हूक मारत 94 चेंडूंत शतक पूर्ण केले. ते त्यांचे एकोणतिसावे कसोटी शतक होते. डॉन ब्रॅडमन यांच्या विक्रमाची त्या दिवशी बरोबरी झाली. ज्याचा बचाव जगात सर्वांत भक्कम, त्याने ठरवले तेव्हा जगातला सर्वांत भेदक मारा परतवून लावला. आक्रमण आणि बचाव यांना एकमेकांच्या विरोधात उभे करणाऱ्यांनी ती खेळी आठवावी.

आक्रमणाला तयारी लागते, हे मात्र पुन्हापुन्हा सांगायला हवे. 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला तेव्हा शेन वॉर्नचा जगभर दरारा होता. वॉर्न राउंड द विकेट येऊन उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पायांमागे, लेगस्टंपच्या बाहेर खरवडलेल्या जागेत चेंडू टाकणार, हे सचिन तेंडुलकरने आधीच ताडले होते. चेन्नईत सरावाच्या खेळपट्टीवर त्याने लेगस्टंपच्या बाहेरचा भाग मुद्दाम खरवडून घेतला. माजी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णनला तिथे राउंड द विकेट गोलंदाजी करायला लावली. त्या खडबडीतून वळून येणारा चेंडू मिडविकेटवरून कसा मारायचा याचा तासन् तास सराव केला.

एवढे करूनही चेन्नई कसोटीच्या पहिल्या डावात वॉर्नने त्याला चार धावांवर स्लिपमध्ये झेलबाद केले. भारत पहिल्या डावात 71 धावांनी मागे पडला. आता सचिनने हात आखडता घेतला असता तर कोणी दोष दिला नसता. दुसऱ्या डावात वॉर्नने तीच चाल केली, आणि सचिनने त्या खडबडीतूनच चेंडू उचलून मिडविकेटच्या पलीकडे धाडले. 191 चेंडूंत नाबाद 155 धावा. दुसऱ्या डावात वॉर्नने 122 धावा मोजल्या आणि त्याला एकच गडी मिळाला. भारताने 4 बाद 418 वर डाव घोषित केला, ऑस्ट्रेलियाला 168 धावांत उखडले आणि सामना 179 धावांनी जिंकला. दूरदर्शनवर तो डाव पाहणाऱ्यांना सचिनचे धाडस दिसले. त्या धाडसामागे खरवडलेली सरावाची खेळपट्टी होती.

पुणे-नाशिक महामार्गाने मंचर, नारायणगाव, आळेफाटा करत पुढे गेले की संगमनेरच्या अलीकडे चंदनापुरी लागते. अजिंक्य रहाणेच्या कुटुंबाचे हे गाव. मंचर-जुन्नरच्या पोरांना आपल्याच वाटेवरचा वाटावा असा हा खेळाडू, आणि तो कोणी फटकेबाज म्हणून ओळखला जात नाही. 19 डिसेंबर 2020 रोजी ॲडलेडला भारताचा डाव 36 धावांत कोसळला. विराट कोहली मायदेशी परतला आणि कर्णधारपद रहाणेकडे आले. मेलबर्नला त्याने 112 धावांची संयमी खेळी करून संघाला सावरले आणि सामना जिंकून दिला. पण पुढचे त्याचे दोन निर्णय अधिक मोलाचे होते. सिडनीच्या तिसऱ्या कसोटीत जिंकायला 407 धावांचे आव्हान होते. शेवटच्या दिवशी सुरुवातीलाच रहाणे बाद झाला. तेव्हा पाचव्या क्रमांकावर बढती मिळाली ऋषभ पंतला. पंतने 118 चेंडूंत 97 धावा फटकावल्या आणि पुजाराबरोबर 148 धावा जोडल्या. तेवढ्या वेळात ऑस्ट्रेलियाला क्षेत्ररक्षण पसरवावे लागले, जिंकण्याऐवजी हार टाळण्याचा विचार करावा लागला. पुढे हनुमा विहारीने 161 चेंडूंत नाबाद 23 आणि अश्विनने 128 चेंडूंत नाबाद 39 धावा करत सामना वाचवला. त्यांच्या चिवटपणाची वाहवा झाली, व्हायलाच हवी होती. तो चिवटपणा फळाला यावा म्हणून पंतने सकाळीच निम्मे दडपण काढून घेतले होते.

मग ब्रिस्बेन. गॅबावर ऑस्ट्रेलिया 1988 पासून हरलेली नव्हती. 19 जानेवारी 2021 हा शेवटचा दिवस, आणि विजयाचे लक्ष्य 328 धावांचे. शुभमन गिल 91 धावांवर बाद झाला तेव्हा रहाणे आला. कर्णधाराने सामना वाचवायचा ठरवला असता तर त्याने स्वतः पाय रोवले असते. त्याने 22 चेंडूंत 24 धावा केल्या आणि बाद झाला. धावफलकावर ही खेळी फारच छोटी दिसते. पण कर्णधार येताच फटके मारतो आहे, म्हणजे आज जिंकायचे आहे, हा निरोप ड्रेसिंग रूमपर्यंत पोहोचला. पुजारा 211 चेंडू अंगावर झेलत 56 धावांपर्यंत गेला, पंतने 138 चेंडूंत नाबाद 89 केल्या आणि तीन षटके शिल्लक असताना भारताने तीन गडी राखून सामना आणि मालिका जिंकली. पहिल्या डावात पालघरच्या शार्दूल ठाकूरने वॉशिंग्टन सुंदरबरोबर सातव्या गड्यासाठी 123 धावा जोडल्या नसत्या तर तिथवर पोहोचणेच कठीण होते. शार्दूलने आपले खाते उघडले तेच पॅट कमिन्सला षटकार मारून.

तळाच्या फलंदाजांनी पुढाकार घेण्याला कसोटीत फार किंमत आहे. शार्दूलनेच सप्टेंबर 2021 मध्ये ओव्हलवर ते पुन्हा दाखवले. भारत 7 बाद 127 असा अडचणीत होता. त्याने 36 चेंडूंत 57 धावा चोपल्या, दुसऱ्या डावातही 60 केल्या, आणि भारत 157 धावांनी जिंकला.

आक्षेप घेणारे इथे थांबवतील आणि गहुंजे दाखवतील. बरोबर आहे, दाखवलेच पाहिजे. फेब्रुवारी 2017 मध्ये पुण्याच्या या मैदानावर पहिली कसोटी झाली. भारत पहिल्या डावात 3 बाद 94 वर होता. राहुलने स्टीव्ह ओकीफला उंचावरून मारण्याचा प्रयत्न केला, झेल दिला, आणि पुढचे सहा गडी अकरा धावांत गारद झाले. 105 सर्वबाद. भारत 333 धावांनी हरला. पण त्याच सामन्यात, त्याच खेळपट्टीवर मिचेल स्टार्कने 63 चेंडूंत 61 धावा केल्या होत्या आणि ऑस्ट्रेलियाला 260 पर्यंत नेले होते. स्टार्क आठ-नऊ गडी बाद झालेले असताना, डाव संपत आलेला असताना फटके मारत होता. राहुल जम बसलेला, भागीदारी रंगात आलेली, आणि समोर पुढे त्या दिवसातला सर्वांत यशस्वी ठरलेला गोलंदाज. फटका तोच, वेळ वेगळी.

ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूझीलंडविरुद्ध गहुंजेलाच भारताने बारा वर्षांनंतर मायदेशातली मालिका गमावली. जैस्वालने 65 चेंडूंत 77 धावा काढून आशा जागवली होती. पण दुसऱ्या टोकाला साथ मिळाली नाही आणि मिचेल सँटनरने सामन्यात तेरा गडी टिपले. डिसेंबरमध्ये मेलबर्नला पंतने 104 चेंडू संयमाने खेळून काढले आणि अर्धवेळ गोलंदाज ट्रॅव्हिस हेडला उचलून मारताना तो झेलबाद झाला. मग बघता बघता डाव कोसळला. असे पराभव बोचतात, आणि प्रत्येक वेळी ‘कसोटी अशी खेळतात का?’ हा सवाल उठतो. सवाल योग्य आहे. त्याचे उत्तर मात्र फटके बंद करा असे नाही.

राजकोटच्या फेब्रुवारी 2024 च्या कसोटीत हे उत्तर एकाच सामन्यात मिळते. इंग्लंडच्या बेन डकेटने 151 चेंडूंत 153 धावा केल्या. इंग्लंड 2 बाद 224 अशा सुस्थितीत असताना जो रूटने जसप्रीत बुमराला उलट्या बॅटने यष्टिरक्षकाच्या बाजूने भिरकावण्याचा प्रयत्न केला आणि स्लिपमध्ये जैस्वालच्या हाती झेल दिला. संघ 319 धावांत आटोपला. मग जैस्वाल फलंदाजीला आला. त्याच्या पहिल्या पन्नास धावांना 80 चेंडू लागले. खेळपट्टी समजून घेतली, गोलंदाज पारखले, चेंडू जुना होऊ दिला. पुढच्या पन्नास धावा त्याने 42 चेंडूंत केल्या. नाबाद 214 मध्ये बारा षटकार होते आणि त्यांतले तीन जेम्स अँडरसनला एकाच षटकात लागोपाठ मारलेले. भारत 434 धावांनी जिंकला. एकाने आक्रमकतेचे व्रत घेतले म्हणून फटका मारला. दुसऱ्याने फटका मारण्याजोगी परिस्थिती आधी तयार केली. कसोटीत दुसऱ्याचाच मार्ग धरावा.

मंचर परिसराशी या सगळ्याचा संबंध काय, असे कोणाला वाटेल. आंबेगाव आणि जुन्नरच्या गावागावांत टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. सहा-आठ षटकांचे सामने, कोणाच्या तरी नावाचा चषक, माइकवर समालोचन. तिथली पोरे पहिल्या चेंडूपासून उचलून मारतात. त्यांचे हात वेगवान आहेत, नजर तयार आहे, भीती तर मुळीच नाही. कसोटीत आक्रमक फलंदाजीला आता मान आहे, त्यामुळे या पोरांचे गुण वाया जाण्याचे कारण उरलेले नाही. एक काळ असा होता की असा पोरगा निवड चाचणीला गेला की ‘आधी सरळ बॅटने खेळायला शीक’ म्हणून घरी पाठवला जायचा. आज सरळ बॅटने खेळणे त्याला शिकवावे लागेलच, पण त्याचे फटके कोणी काढून घेणार नाही.

अडचण वेगळी आहे. सहा षटकांच्या खेळात जैस्वालसारखे 80 चेंडू थांबायला कोणी शिकत नाही, कारण तेवढे चेंडूच डावात नसतात. टेनिस बॉलला शिवण नसते, तो हवेत आणि टप्प्यावर तसा हलत नाही. पहिला सीझन बॉल बरगडीवर बसतो तेव्हा या पोरांतली बरीच जण परत टेनिस बॉलकडे वळतात. 2023 पासून गहुंजेला महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, त्यामुळे ग्रामीण भागातल्या खेळाडूंना एक वाट दिसू लागली. ती वाटही वीस षटकांचीच आहे.

वेगाला थांबण्याची जोड देता येते, याला महाराष्ट्राच्याच इतिहासात उत्तम दाखला आहे. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्धच्या रणजी सामन्यात भाऊसाहेब निंबाळकर यांनी महाराष्ट्राकडून नाबाद 443 धावा केल्या. ब्रॅडमन यांच्या तेव्हाच्या जागतिक विक्रमी 452 धावांपासून ते जवळच होते, पण प्रतिस्पर्धी संघाने सामनाच सोडून दिला. निंबाळकर त्या डावात 494 मिनिटे, म्हणजे आठ तासांहून अधिक वेळ खेळत होते. मिनिटाला जवळपास एक धाव, आणि तीही आठ तास! वेग आणि थांबणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात हे पुण्याच्या मैदानाने 1948 मध्येच पाहिले आहे.

म्हणून आंबेगाव आणि जुन्नरमधल्या क्रीडा मंडळांना, स्पर्धांचे खर्च उचलणाऱ्या पुढाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना एक विनंती आहे. टेनिस बॉलच्या स्पर्धा जरूर भरवा. पण दिवाळीनंतर, पाऊस-चिखल सरला की वर्षातून एक तरी स्पर्धा सीझन बॉलवर, मॅटवर, दोन दिवसांची आणि दोन डावांची ठेवा. शाळा-महाविद्यालयांनी सुटीच्या दिवशी मैदाने द्यावीत. स्मृती मानधना सांगलीतून घडली हे ध्यानात ठेवून मुलींचेही संघ उतरवावेत. बक्षिसांच्या यादीत सर्वाधिक षटकारांच्या ओळीखाली आणखी एक ओळ घालावी: शंभर चेंडू खेळून सर्वांत वेगाने धावा करणाऱ्याला विशेष पारितोषिक. पॅड, हेल्मेट आणि चेंडू यांचा खर्च एका मोठ्या चषकाच्या मंडप-माइकच्या खर्चातून भागण्यासारखा आहे. येत्या हंगामात एखाद्या मंडळाने सुरुवात केली तर बाकीची मंडळे मागे राहणार नाहीत.